पात्यांमधला कान

१

श्रवणतपासणी केंद्राची सकाळ रोज ठरलेल्या क्रमाने उघडत असे. प्रथम वहिनी येत. नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या या बाईंना सगळेच वहिनी म्हणत. त्या नेमक्या कोणाच्या वहिनी, हे आता त्यांनाही सांगता आले नसते. दोन्ही कुलपे काढून त्या प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या सरळ लावत, काचेच्या दारावरचे बोटांचे ठसे ओल्या फडक्याने पुसत, संगणक सुरू करत आणि मग कपाळाला आठ्या घालून कॉरिडॉरमधल्या लोखंडी कपाटाकडे पाहत. त्या कपाटात स्विच होता. केंद्रातल्या सगळ्या संगणकांच्या तारा ज्या एका चपट्या डब्यात एकत्र येतात, तो हा डबा. त्याच्या पाठीमागचा, तळहातावर मावेल एवढा पंखा गेले काही महिने केकाटत होता. आवाज मोठा नव्हता. बारीक होता, उंच होता आणि न संपणारा होता. वहिनी म्हणत, की शेजारणीशी भांडण करता येते, याच्याशी तेही करता येत नाही.

त्यांच्यामागून साचेकाका येत. ज्यांना श्रवणयंत्र लागते त्यांच्या कानात गुलाबी लगदा भरून ते आतल्या पोकळीचा ठसा घेत आणि त्यावरून कानात घट्ट बसेल असा मऊ साचा बनवत. त्यांच्या खोलीत तयार साच्यांचे ट्रे होते, प्रत्येक साचा आपापल्या छोट्या डबीत. आणि बाकाखाली फसलेल्या, फाटलेल्या, जुन्या साच्यांचा एक उघडा पत्र्याचा डबा होता. नंतर डॉक्टरांची भाची येई. प्रत्यक्ष तपासण्या तीच करत असे. सर्वांत शेवटी डॉक्टर येत. ते उंच होते, किंचित वाकलेले होते, आणि बोलणाऱ्याकडे मान कलती करून त्याच्या ओठांकडे पाहत ऐकण्याची त्यांची रीत होती. रुग्णांना त्यात आस्था दिसे.

त्या दिवशी या क्रमात एकच फरक पडला. वहिनींनी घरून एक जुनी लोकरीची शाल आणली आणि कपाटाच्या झरोक्यांत गच्च कोंबली. आवाज थोडा दबला. त्या समाधानाने जागेवर बसल्या. पहिल्या रुग्ण, एक निवृत्त मुख्याध्यापिका, आल्या. भाचीने त्यांना पेटीत नेले. जाड भिंतींची, जाड दाराची, एका काचेची ती लहानशी खोली सगळ्यांच्या तोंडी पेटीच होती. आत बसून कानांवर यंत्र लावायचे आणि सूर ऐकू आला की बोट वर करायचे, एवढीच तिथली परीक्षा.

मुख्याध्यापिका बोलक्या निघाल्या. प्रत्येक सुरानंतर त्यांना काहीतरी आठवत होते. तपासणी लांबली, आणि ती संपण्यापूर्वीच केंद्रातले सगळे पडदे एकदम गोठले. नोंदी उघडेनात, तपासणीचे आकडे साठेनात. वहिनींनी मुख्याध्यापिकांना उद्या यायला सांगितले आणि कोपऱ्यावरच्या संगणकदुरुस्तीच्या दुकानात फोन लावला.

तिथून जी स्त्री आली तिला या इमारतीतल्या सगळ्या कचेऱ्या नाडीवाल्या बाई म्हणून ओळखत होत्या. कोणतेही यंत्र उघडण्यापूर्वी त्या त्यावर हाताची मागची बाजू टेकवत आणि क्षणभर डोळे मिटत. आताही त्यांनी तेच केले.

“चांगलाच तापलाय,” त्या म्हणाल्या. “जळू नये म्हणून स्वतःच बंद पडलाय. शहाणा आहे.”

झरोक्यातून शाल ओढून काढून त्यांनी वहिनींकडे पाहिले. वहिनींनी छताकडे पाहिले. मग बाईंनी मागचे बोल्ट सैल करून स्विच थोडा पुढे ओढला आणि मागे विजेरी धरली. पंख्यावरची जाळी कधीच गळून गेली होती. पाती स्थिर होती. ती दमून थांबली नव्हती, थांबवली गेली होती.

दोन पात्यांच्या मध्ये एक गुलाबी कान पाचर मारावी तसा रुतवलेला होता.

२

डॉक्टर रागावले की त्यांचा आवाज खाली येत असे. तो आता फारच खाली आला होता. शालीपुरते वहिनींना क्षमा करता येईल, ती अज्ञानाने घातलेली होती. साचा मात्र कोणीतरी हाताने आणून, नेम धरून बसवलेला होता. हे कोणी केले ते आज कळलेच पाहिजे, असे त्यांनी सांगितले. बाईंनी स्विच गार होईपर्यंत वेळ आहे असे म्हणून एक स्टूल ओढले आणि विचारपूस सुरू केली. त्यांच्या मते बंद पडलेला पंखा हा पुरावा असतो. तो लगेच बदलणे म्हणजे पुरावा नष्ट करणे.

संशय प्रथम जायचा तिथेच गेला.

“साचा तुमच्याकडचा आहे,” डॉक्टर साचेकाकांना म्हणाले. “याचा खुलासा होईपर्यंत तुम्ही खोलीत बसू नका. किल्ली वहिनींकडे द्या.”

साचेकाकांनी या खोलीत आपले केस पांढरे केले होते. आजवर कोणी त्यांची किल्ली मागितली नव्हती. त्यांनी ती खिशातून काढली, टेबलावर ठेवली आणि थट्टेचा आव आणून म्हणाले, की पंख्याला कमी ऐकू येत होते म्हणून मीच साचा बसवला, असे लिहून टाका. कोणी हसले नाही.

“काका, हा साचा जरा बघता?” बाईंनी तो त्यांच्या हातात दिला.

चष्मा वर करून त्यांनी साचा उजेडात फिरवला. एका कडेला पात्यांनी ओरखडे काढले होते. पण कानाच्या नळीत जाणारे टोक शाबूत होते. त्यांची मुद्रा बदलली. चेहरे मी विसरतो, कान विसरत नाही, हे त्यांचे नेहमीचे वाक्य या वेळी त्यांनी उच्चारले नाही.

“नळीला इथे वळण आहे, दिसतं का? असं वळण मी एकदाच पाहिलंय. हा क्रेनवाल्याचा डावा कान.”

त्यांनी ट्रेमधली एक डबी आणायला सांगितली. वहिनींनी ती आणली. डबी बंद होती, आपल्या जागी होती, आणि रिकामी होती.

डॉक्टरांनी काचेच्या दारातून प्रतीक्षागृहाकडे पाहिले. टोकाच्या खुर्चीवर एक रुंद खांद्यांचा माणूस हात मांडीवर ठेवून बसला होता, शेजारी त्याची बायको. या केंद्राने ज्याला क्रेनवरून खाली उतरवले होते, तोच तो.

३

क्रेनचालकाची हकिगत थोडक्यात अशी होती. मालधक्क्यावर तो आयुष्यभर क्रेन चालवत आला. तिथे धोक्याची सूचना उंच पट्टीच्या शिट्टीने देतात. ती ऐकू न येणाऱ्याला वर चढू देत नाहीत. वार्षिक तपासणीत त्याच पट्टीचे बारीक सूर त्याला ऐकू आले नाहीत. तेव्हापासून तो खाली उभा राहून दोर मोजत होता, आणि ज्यांना त्याने काम शिकवले ते वरून त्याला हात करत होते. आज साचा बसवून पाहायचा आणि अंतिम अहवालावर डॉक्टरांची सही व्हायची, असे ठरलेले होते. ती सही झाली की वरची जागा कायमची जाणार होती.

राग त्याला होता, आणि तो त्याने लपवला नाही. पण तो आणि त्याची बायको आले तेव्हा पडदे गोठलेले होते, आणि वहिनी कपाटापाशी उभ्या होत्या. हे वहिनींनीच सांगितले.

“मला ऐकू येतं, बाई,” तो म्हणाला. “इथल्या त्या पेटीत बसलो की मात्र कानात वाजायला लागतं. बारीक, मच्छरासारखं. त्यात दुसरं काय ऐकायचं माणसानं?”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“सांगितलं की. म्हणाले, तो कानातलाच आवाज, वयानं येतो. तसं लिहूनही टाकलं.”

“घरी नाही वाजत यांच्या कानात,” बायको मध्येच म्हणाली. “घरी तर मी दुसऱ्या खोलीत पुटपुटले तरी ऐकू जातं. नको तेच नेमकं ऐकू जातं.”

क्रेनचालकाने तिच्याकडे न पाहता मान डोलावली. बाईंना त्या मान डोलावण्यात एका संसाराची साक्ष मिळाली.

त्या उठून कपाटाकडे गेल्या आणि काम करता यावे म्हणून त्यांनी कपाटाची वीज तोडली. तत्क्षणी खालच्या कप्प्यातली राखीव बॅटरी सवयीप्रमाणे ओरडू लागली. थांबून थांबून एक पातळ, टोकदार शिट्टी. डॉक्टर कपाटाला टेकूनच उभे होते. पंख्याचा एवढा गाजावाजा करण्याजोगा आवाज कधीच नव्हता, थोडीशी घरघर असते, वहिनींना उगाच आवाजाचे वावडे आहे, म्हणून दुरुस्तीला बोलावण्याचे मी लांबणीवर टाकत आलो, असे ते बाईंना समजावून सांगत होते. त्यांच्या बोलण्यात खंड पडला नाही.

काचेच्या दारापलीकडे, प्रतीक्षागृहाच्या अगदी टोकाला, क्रेनचालकाने मान वळवली होती.

“ते वाजतंय ते बंद करा कोणीतरी,” तो बसल्या जागेवरून म्हणाला.

“काय म्हणतोय तो?” डॉक्टरांनी विचारले.

बाईंनी बॅटरीचे बटण दाबले. शिट्टी थांबली. त्या डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी साचा पुन्हा हातात घेतला.

४

साच्याच्या कडेवर एक ओरखडा नव्हता. अनेक होते. प्रत्येक ओरखडा पात्याच्या कमानीचा, पण एकमेकांशी न जुळणारा. काही जुने, धुळीने करडे झालेले, एक ताजा. ज्याला घातपात करायचा असतो तो एकदाच करतो. ही कोणाची तरी सवय होती. पंखा पुन्हा पुन्हा थांबवला जात होता आणि पुन्हा पुन्हा मोकळा केला जात होता, आणि स्विचला आजवर काही झाले नव्हते, कारण झरोके उघडे होते. आज तपासणी लांबली आणि झरोके शालीने बुजले होते, म्हणून तो तापला.

“वहिनी, आज आवाज कधी थांबला?”

“थांबला म्हणजे माझ्या शालीनं थांबवला असंच मला वाटलं,” वहिनी म्हणाल्या. “त्या बोलक्या बाई आत गेल्या त्याच सुमारास. तसा तो तपासणी चालू असली की गपच असतो. पेटीचं दार लागतं ना, म्हणून असेल. मी म्हणते, मेला परीक्षेला बसल्यासारखा गप्प बसतो आणि सुट्टी झाली की बोंबलतो.”

“कायमच असं?”

वहिनींनी विचार केला. कायम नाही, असे त्या म्हणाल्या. क्रेनवाल्याच्या तपासणीनंतर केव्हातरी सुरू झाले असावे. ज्या घरात सगळ्यांचा धंदा ऐकण्याचा, तिथे एक आवाज बंद झालेला कोणी मनावर घेतला नव्हता. वाजणारी गोष्ट माणसाला खुपते. गप्प झालेली गोष्ट कोणी मोजत नाही.

साचेकाका आपल्या बंद खोलीबाहेर बाकावर बसले होते. त्यांना किल्लीपेक्षाही साच्याचे दुःख अधिक झालेले दिसत होते.

“पाचरच मारायची होती, तर बाकाखाली टाकाऊंचा डबा उघडा पडलाय,” ते म्हणाले. “त्यातले शंभर न्या. तयार, चांगला, माणसाच्या कानात जायचा साचा कशाला घ्यावा? आज त्याची गरज होती.”

बाई थबकल्या. त्यांनी ते वाक्य मनात पुन्हा उलगडले. टाकाऊ साचे हाताशी असताना कोणीतरी हाच उचलला. डबी नीट बंद करून जागी ठेवली. आज तो लागणार, हे ज्याला माहीत होते त्याने तो घेणे मूर्खपणाचे होते. म्हणजे ज्याने घेतला त्याच्या मते हा साचाही टाकाऊच होता. या कानाला साचा लागणार नाही, याची त्या व्यक्तीला खात्री होती. आणि अशी खात्री असू शकणारे माणूस केंद्रात एकच होते.

भाची पेटीबाहेरच्या यंत्रासमोर बसली होती. समोरचा पडदा अजून काळा होता. बाई तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी गुलाबी साचा दोघींच्या मध्ये ठेवला.

“त्याला ऐकू येतं, हे तुम्हाला कधी कळलं?”

तिने नाकारले नाही. बहुधा कोणीतरी विचारावे याचीच ती वाट पाहत होती. क्रेनचालकाच्या तपासणीनंतर थोड्या दिवसांनी, तिने सांगितले, एका मुलीची तपासणी चालू असताना वीज गेली. तपासणीचे यंत्र बॅटरीवर चालत राहिले, पण कपाटातल्या राखीव बॅटरीने भार उचलेपर्यंत कपाट काही क्षणांपुरते बंद पडले. तेवढ्यात त्या मुलीने जे सूर आधी ऐकले नव्हते ते ऐकले, आणि कपाट सुरू होताच पुन्हा बहिरी झाली. मग भाचीने जुन्या तपासण्या आठवून पाहिल्या. एकाच पट्टीत सगळ्यांचे कान उणे पडत होते. कितीजणांनी आत वाजते म्हणून सांगितले होते, आणि मामांनी प्रत्येक वेळी कानातला आवाज असे लिहिले होते. कपाट बोल्टांनी पेटीच्या भिंतीलाच घट्ट आवळलेले होते. पंख्याचे बेअरिंग झिजले, आणि त्याची किणकिण भिंतीच्या हाडातून आत उतरत होती.

“लख्ख दिव्याखाली काजवा दाखवायचा आणि दिसला नाही की आंधळा म्हणायचं,” बाई म्हणाल्या. “असंच ना?”

“तपासणी सुरू करण्याआधी मी पंखा अडकवत होते. संपली की काढत होते. आज फिटिंगच्या निमित्तानं त्यांना बोलावून पुन्हा तपासणार होते. आकडे बरोबर आले असते, तर मामांना सांगितलं असतं की त्या दिवशी त्यांना सर्दी होती.”

“आणि बाकीचे? ज्यांना सर्दी नव्हती ते?”

भाचीने साच्याची कड बोटाने चाचपली.

“साचेकाकांची किल्ली गेली तेव्हा तुम्ही इथंच होतात,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दोष देण्याचा सूर नव्हता. त्या फक्त एक गोष्ट तिच्या जागी ठेवत होत्या.

“मला बोलता आलं नाही.” ती साच्याकडे पाहत होती. “बोलले असते तर मामा म्हणाले असते, मी आत बसून बघतो. आणि ते बसले असते.”

“बसले असते तर?”

तिने दाराकडे पाहिले. तिथे डॉक्टर उभे होते. ते केव्हापासून उभे होते हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी मान कलती केली आणि नेहमीच्या सौम्य स्वरात विचारले, “काय कुजबुज चाललीय?”

५

बाईंनी त्यांना फक्त यंत्रापुरते सांगितले. पंख्याचा आवाज पेटीत जातो. त्याने उंच पट्टीच्या तपासण्या बिघडल्या असण्याचा संभव आहे. पंखा थांबवणाऱ्याने तो बहुधा त्यासाठीच थांबवला.

डॉक्टर हसले. ते हसू तुच्छतेचे नव्हते. आपल्या घराविषयी परका काही बोलला की येते तसे होते.

“ही पेटी मी उभा राहून बांधून घेतलीय. आत सुई पडली तर ऐकू येईल. वर्षाच्या सुरुवातीला तपासली, आणि परवाही मी स्वतः आत बसलो होतो. काही नव्हतं.”

“मग पुन्हा बघू. आधी क्रेनचालक बसतील. कानाला यंत्र नको, काही नको. मी कपाटातून पंखा सुरू करीन, बंद करीन. आवाज असेल तोवर बोट वर, नसेल तेव्हा खाली.”

तपासणी उलटी झाली होती. पण नियम त्यांचाच होता, त्यामुळे डॉक्टरांना हरकत घेता आली नाही. स्विच आता निवला होता. बाईंनी तो पुन्हा पाठीमागच्या बोल्टांवर पूर्वीसारखा आवळला आणि पंख्याला स्वतंत्र वायर जोडून बटण हाती घेतले. क्रेनचालक पेटीत बसला. जाड दार लागले. काचेतून त्याचा पंजा दिसत होता, दोर ओढून रुंद झालेला.

पंखा फिरला, बोट उठले. पंखा थांबला, बोट पडले. बाईंनी थोडे थांबून पुन्हा सुरू केला. पंखा वेग घेईपर्यंत बोटही हळूहळूच वर आले, क्रेन उचलावी तसे. एकदाही चुकले नाही. त्याची बायको काचेला कपाळ लावून उभी होती. तिने आपल्या पिशवीचा बंद मनगटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली.

“अंदाजानंही जमतं असं कधीकधी,” डॉक्टर म्हणाले, पण ते दाराकडे निघालेले होते. “मी बसतो.”

“मामा, राहू द्या,” भाची म्हणाली.

“का?”

क्रेनचालक पेटीतून बाहेर येऊन प्रतीक्षागृहाकडे गेला. डॉक्टर आत गेले.

बाईंनी क्रेनचालकाच्या बायकोला हलक्या हाताने प्रतीक्षागृहात नवऱ्याकडे पाठवले आणि बटण दाबले. कॉरिडॉरमध्ये ती ओळखीची किणकिण उमटली. पेटीत डॉक्टर डोळे मिटून, पाठ ताठ करून बसले होते. चांगल्या रुग्णाने बसावे तसेच. बोट मांडीवर होते. बाईंनी पंखा बंद केला, सुरू केला, बराच वेळ चालू ठेवला, बंद केला. बोट मांडीवरच होते. साचेकाका जमिनीकडे पाहू लागले. वहिनी, ज्यांच्याकडे प्रत्येक प्रसंगासाठी एक वाक्य तयार असे, त्यांनी खुर्चीची पाठ धरून ठेवली.

डॉक्टरांनी डोळे उघडले. काचेपलीकडे भाची उभी होती. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, बोटाकडे पाहत होती. रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहू नये, दया येते आणि नोंद चुकते, हे त्यांनीच तिला शिकवले होते.

त्यांना बाहेर यायला वेळ लागला.

“सुरू केला होता तुम्ही?” त्यांनी बाईंना विचारले.

“हो, डॉक्टर.”

“किती वेळा?”

“पुरेशा वेळा.”

त्यांनी मान डोलावली. मग भाचीकडे वळून त्यांनी विचारले, “साचा तू ठेवायचीस?”

“हो.”

“मला वाचवायला?”

“तपासण्या वाचवायला,” ती म्हणाली. मग तिने जोड दिली, “दोन्ही.”

६

पुढचे काम फारसे बोलण्याचे नव्हते. नाडीवाल्या बाईंनी झिजलेला पंखा काढला. नव्या पंख्याच्या कडेवरचा बाण हवा कोणत्या बाजूला जाणार ते दाखवतो. तो जुन्याशी जुळवून त्यांनी पंखा बसवला, वर जाळी लावली, आणि कपाट व भिंत यांच्यामध्ये प्रत्येक बोल्टाला जाड रबरी चकती घातली. झरोके फुंकून स्वच्छ केले. शाल घडी करून वहिनींना परत दिली. पडदे एकेक करून उजळले. शेवटी त्यांनी डब्यावर हाताची मागची बाजू टेकवली आणि डोळे मिटले. जे काही वाजत होते ते आता फक्त त्यांच्या त्वचेला कळण्याइतके होते.

दरम्यान डॉक्टर आपल्या टेबलाशी बसून होते. समोर क्रेनचालकाचा अहवाल पडला होता, सहीची जागा कोरी. त्यांनी तो उभा आडवा फाडला आणि बाहेर येऊन वहिनींना सांगितले, की ज्यांच्या कागदावर मी कानातला आवाज असे लिहिले आहे, त्या सगळ्यांना पुन्हा बोलवा.

“काय सांगू त्यांना?” वहिनींनी विचारले.

“चूक आमची होती असं सांगा. विचारलं कोणाची, तर माझी.”

वहिनींनी फोन उचलला. भाचीने क्रेनचालकाला पेटीत नेले, या वेळी कानांवर यंत्र लावून. सूर उंच होत गेले, बारीक होत गेले, आणि काचेआडचा तो रुंद पंजा प्रत्येक सुराबरोबर उठत राहिला. नव्या अहवालावर भाचीने सही केली. मामांनी तो वाचला, आणि त्यांची सही जिथे असायची तिथे काही लिहिले नाही. यापुढे तिथे तिचीच असेल, एवढेच ते म्हणाले.

मग टेबलावर पडून राहिलेली किल्ली उचलून ते बाकापाशी गेले. साचेकाका उठून उभे राहिले. दोघांनी मिळून खोली उघडली. साचेकाकांनी दिवा लावला, हात धुतले, आणि पाहिले तर डॉक्टर रुग्णांच्या स्टुलावर, उजेडाकडे पाठ करून बसलेले होते.

“दोन्ही?” साचेकाकांनी विचारले.

“आधी डावा.”

साचेकाकांनी लगदा मळला. त्यांनी डॉक्टरांच्या कानाची पाळी हळूच वर धरली आणि आयुष्यात प्रथमच तो कान आतून पाहिला.

“काका, मघाशी मी तुमची किल्ली...” डॉक्टरांनी सुरुवात केली.

“आता बोलू नका,” साचेकाका म्हणाले. “जबडा हलला तर साचा बिघडतो.”

डॉक्टरांनी जबडा मिटला. गुलाबी लगदा कानात भरला जात असताना त्यांनी हात मांडीवर ठेवले होते. लगदा घट्ट होईपर्यंत साचेकाकांनी क्रेनचालकाची डबी धुऊन पुसून ट्रेमध्ये तिच्या जागी ठेवली, आणि ओरखड्यांचा जुना साचा बाकाखालच्या टाकाऊंच्या डब्यात टाकला.